पोच न आलेल्या सेगमेंटची वाट किती पाहावी : टीसीपीच्या पुनःप्रेषण टायमरची दुरुस्ती

टीसीपी हा प्रोटोकॉल पाठवलेल्या प्रत्येक बाइटची पोच समोरच्या यंत्राकडून मागतो आणि ठरावीक काळात ती आली नाही, तर तोच मजकूर पुन्हा पाठवतो. वाट पाहण्याचा हा काळ म्हणजे पुनःप्रेषणाची कालमर्यादा. कर्नल लिहिणाऱ्यांच्या बोलण्यात ती ‘आरटीओ’ या आद्याक्षरांनीच ओळखली जाते. ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नलमध्ये तिचा हिशेब करणारा कोड फार मोठा नसतो, त्याचे सूत्र जून २०११ च्या आरएफसी ६२९८ या मानक-दस्तऐवजात एका पानात मावते, आणि तरीही नव्याने लिहिलेल्या टीसीपीमध्ये सर्वांत चिवट दोष याच भागात निघतात. त्याचे कारण सूत्रात नाही. कोणती मोजणी ग्राह्य धरायची, टायमर केव्हा लावायचा, केव्हा उतरवायचा, वाढवलेली मर्यादा केव्हा मागे घ्यायची आणि जोडणी संपली असे केव्हा मानायचे, हे निर्णय पोच हाताळणाऱ्या, सेगमेंट पाठवणाऱ्या आणि टायमर चालवणाऱ्या अशा निरनिराळ्या फंक्शनांत विखुरलेले असतात, आणि दुरुस्तीला बसलेला प्रोग्रामर मात्र बहुधा सूत्रच तपासत राहतो. ज्याला टीसीपीची तोंडओळख आहे आणि एखाद्या कर्नलमधील हा भाग दुरुस्त करायचा आहे, अशा वाचकासाठी पुढील विवेचन आहे.

कोडला हात लावण्यापूर्वी दोष कोणत्या जातीचा आहे, हे पॅकेटांच्या नोंदीवरून ठरवावे. टीसीपीडंप किंवा वायरशार्क यांपैकी कोणत्याही साधनाने पाठवणाऱ्या यंत्रावर नोंद घ्यावी, कारण वाटेत हरवलेले सेगमेंट घेणाऱ्या यंत्रावरच्या नोंदीत दिसतच नाहीत. आणि एकाच क्रमांकाचा सेगमेंट किती किती वेळाने पुन्हा निघाला, एवढेच प्रथम पाहावे. ही अंतरे १, २, ४, ८ सेकंद अशी दुपटीने वाढत असतील, तर निदान टायमरची चौकट जागेवर आहे. अंतरे एकसारखी असतील, तर मर्यादा दुप्पट करण्याची पायरी कोठेतरी पुसली जात आहे. पुनःप्रेषण झाल्यावर लगेच, म्हणजे एका फेरीला लागणाऱ्या वेळेच्या कितीतरी आधी, पोच येत असेल, तर ती पोच मूळ सेगमेंटची आहे आणि टायमर उतावळा आहे. असा दोष मोजणीत शोधावा. सेगमेंट हरवूनही पुनःप्रेषण झालेच नाही आणि जोडणी लोंबकळत राहिली, तर सूत्राकडे पाहण्यात वेळ घालवू नये. टायमर लागलेलाच नाही किंवा लागून हरवला आहे. लिनक्सवर ‘एसएस’ ही आज्ञा प्रत्येक सॉकेटची चालू मर्यादा, फेरीच्या काळाची सरासरी, विचलन आणि मर्यादा कितीदा दुप्पट झाली, हे दाखवते. आपल्या कर्नलमध्ये अशी सोय नसेल, तर दुरुस्तीचा आरंभ ती लिहिण्यापासून करावा, कारण आतल्या किमती डोळ्यांना दिसल्याशिवाय पुढचे सगळे अंदाजच ठरतात.

सूत्र आणि पूर्णांकांचा हिशेब

सेगमेंट निघाल्यापासून त्याची पोच परत येईपर्यंतचा वेळ म्हणजे फेरीचा काळ. सप्टेंबर १९८१ च्या आरएफसी ७९३ मध्ये या काळाची सरकती सरासरी काढून तिला १.३ ते २ यांच्यामधल्या एका स्थिर आकड्याने गुणावे, एवढेच सुचवले होते. जाळ्यावरचा भार वाढू लागला की फेरीचा काळ तर वाढतोच, पण त्यातील चढउतारही झपाट्याने वाढतात, आणि या चढउतारांना त्या सूत्रात जागा नव्हती. त्यामुळे भार चढताच टायमर अकाली वाजू लागत, आणि आधीच तुंबलेल्या जाळ्यावर तेच सेगमेंट पुन्हा ओतले जात. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचे बर्कली आवार यांच्यामध्ये, म्हणजे अवघ्या ४०० यार्डांवर, माहितीचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांपर्यंत घसरला. या घसरणीचा अभ्यास करून व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात सरासरीबरोबर विचलनही मोजण्याची पद्धत मांडली, आणि आजचे मानक त्याच पद्धतीवर उभे आहे.

पद्धत अशी आहे. पहिली मोजणी हाती आली की तीच सरासरी मानावी आणि तिच्या निम्मे विचलन धरावे. पुढच्या प्रत्येक मोजणीला, आधी जुनी सरासरी आणि नवी मोजणी यांतील फरक काढून जुन्या विचलनाचा तीन चतुर्थांश व या फरकाचा एक चतुर्थांश मिळून नवे विचलन करावे, आणि मगच जुन्या सरासरीचा सात अष्टमांश व नव्या मोजणीचा एक अष्टमांश मिळून नवी सरासरी करावी. मर्यादा म्हणजे सरासरी अधिक विचलनाची चौपट. ही चौपट घड्याळाच्या एका टिकेपेक्षा कमी भरली, तर तिच्या जागी एक टिक धरावी. समजा, पहिली मोजणी १०० मिलिसेकंद आली. तर सरासरी १००, विचलन ५० आणि मर्यादा ३०० होते. दुसरी मोजणी १८० आली, तर फरक ८०, विचलन ३७.५ अधिक २० म्हणजे ५७.५, सरासरी ११०, आणि मर्यादा ३४० होते. सरासरी आधी बदलली आणि फरक नव्या सरासरीपासून काढला, तर तो ७० भरतो, विचलन ५५ वर राहते आणि मर्यादा ३३० येते. दहा मिलिसेकंदांची ही चूक किरकोळ वाटेल. पण नव्या सरासरीपासून काढलेला फरक दर वेळी खऱ्या फरकाच्या सात अष्टमांशच भरतो, म्हणजे चूक नेहमी एकाच बाजूला, मर्यादा कमी करण्याच्या बाजूला, पडते. चाचण्यांत ती सहसा पकडली जात नाही, म्हणून या दोन ओळींचा क्रम मुद्दाम पाहून घ्यावा.

कर्नलमध्ये अपूर्णांकांचे गणित टाळले जात असल्याने सरासरी आठपट आणि विचलन चौपट करून साठवण्याची प्रथा आहे. तिची सोय अशी, की मर्यादा काढताना साठवलेल्या सरासरीला आठाने भागून त्यात साठवलेले विचलन जसेच्या तसे मिळवले की काम होते, कारण चौपट त्यात आधीच झालेली असते. गफलत होते ती पहिल्या मोजणीच्या वेळी: वरील उदाहरणात विचलनाच्या खान्यात २०० जायला हवेत, पण लिहिणारा मानकातले ‘निम्मे’ वाचून तेथे ५० घालतो, मर्यादा ३०० ऐवजी १५० येते, आणि प्रत्येक नव्या जोडणीच्या आरंभी विनाकारण पुनःप्रेषण होते. दुसरी गफलत, पट न करता मूळ किमतीच साठवून फरकाला तीन बिट उजवीकडे सरकवण्याची. धन ७ सरकवले तर शून्य उरतो आणि ऋण १ सरकवला तर ऋण १ च राहतो. म्हणजे लहान वाढी गिळल्या जातात, लहान घटी मात्र पूर्ण धरल्या जातात, आणि सरासरी हळूहळू खाली घसरत जाते. जुन्या बीएसडी प्रणालींत घड्याळाची टिक ५०० मिलिसेकंदांची होती, त्यामुळे असे दोष त्या जाडसर मापात झाकले जात. आजच्या सूक्ष्म घड्याळांवर ते उघडे पडतात.

कोणती मोजणी घ्यावी

पुनःप्रेषण झालेल्या सेगमेंटची पोच आली, तर ती मूळ प्रतीची की दुसऱ्या प्रतीची, हे पोचेवरून कळत नाही. मूळ प्रतीची मानली आणि ती खरोखर हरवली असेल, तर फेरीचा काळ फुगतो; दुसऱ्या प्रतीची मानली आणि मूळ प्रत नुसती उशिरा पोहोचली असेल, तर काळ आक्रसतो आणि टायमर आणखी उतावळा होतो. फिल कार्न आणि क्रेग पार्ट्रिज यांनी १९८७ मध्ये सुचवलेला उपाय ‘कार्नचा नियम’ म्हणून प्रसिद्ध आहे: पुन्हा पाठवलेल्या सेगमेंटवरून मोजणी घेऊच नये. हा अर्धा नियम सर्वांना पाठ असतो. उरलेला अर्धा असा, की पुनःप्रेषणामुळे दुप्पट होत गेलेली मर्यादा, एकदाही पुन्हा न पाठवलेल्या सेगमेंटची पोच येऊन नवी मोजणी मिळेपर्यंत, पुढच्या सेगमेंटसाठीही तशीच ठेवावी. दोष निघतो तो बहुतेक वेळा या दुसऱ्या अर्ध्याच्या विसरण्यातून, म्हणून तो आकड्यांनी पाहणे इष्ट आहे.

एका वाटेवर फेरीचा काळ ५० मिलिसेकंद आहे, चढउतार नगण्य आहेत आणि मर्यादा २५० मिलिसेकंदांवर स्थिर आहे. पाठवणारा एक सेगमेंट पाठवतो, पोच येईपर्यंत थांबतो आणि मग पुढचा पाठवतो. वाट बदलते आणि फेरीचा काळ एकाएकी १,५०० मिलिसेकंद होतो. काहीही हरवत नाही. पहिला सेगमेंट २५० व ७५० मिलिसेकंदांना पुन्हा पाठवला जातो, मर्यादा १,००० झालेली असते, आणि १,५०० ला पोच येते; मोजणी नियमाप्रमाणे टाकून दिली जाते. मर्यादा १,००० च राहिली, तर दुसरा सेगमेंट एकदाच पुन्हा जातो आणि मर्यादा २,००० होते. तिसऱ्या सेगमेंटची पोच मर्यादेच्या आत येते, आणि त्या एका मोजणीने प्रश्न सुटतो, कारण फरक १,४५० असल्याने विचलनाच्या चौपटीतच १,४५० ची भर पडते, सरासरी २३१ वर जाते आणि नवी मर्यादा १,६८१ च्या पुढे असते. हा योगायोग नव्हे. विचलनात फरकाचा चौथा भाग आणि मर्यादेत विचलनाची चौपट, असे दोन आकडे जुळवलेले असल्यामुळे, वाढलेल्या काळाची एक अस्सल मोजणी मिळाली की मर्यादा त्या काळाच्या वर जातेच. आता पोच येताच दुप्पट होण्याचा हिशेब शून्यावर आणून जुन्या सरासरीवरून मर्यादा पुन्हा २५० करणारा कोड घ्यावा: प्रत्येक सेगमेंट तीनदा जातो, प्रत्येक मोजणी टाकून दिली जाते, आणि ही स्थिती आपोआप कधीच संपत नाही. ‘नवी पोच आली, मर्यादा पूर्ववत’ अशी निरुपद्रवी दिसणारी एक ओळ एवढा घोळ घालू शकते.

मोजणी नाकारण्याची कसोटीही बारकाईने लावावी लागते. चार सेगमेंट गेले, पहिला हरवला, तो पुन्हा पाठवला आणि त्यानंतर चारही सेगमेंटांची एकत्रित पोच आली, तर चौथा सेगमेंट स्वतः एकदाच गेलेला असतो. पण त्याची पोच पहिल्याची पोकळी भरून निघेपर्यंत अडकून पडली होती, त्यामुळे त्यावरून काढलेला काळ वाटेचा नसून अडकण्याचा असतो. म्हणून एखाद्या पोचेने मोकळ्या केलेल्या सेगमेंटांपैकी एकही पुन्हा पाठवलेला असेल, तर त्या पोचेवरून असा काळ काढूच नये. लिनक्सचा कोड हेच करतो. दोन्ही बाजूंना टाइमस्टॅम्पची सोय असेल, तर घेणारे यंत्र पाठवणाऱ्याची वेळ पोचेत परत धाडते, प्रत कोणती हा संशय मिटतो आणि पुनःप्रेषणानंतरही मोजणी घेता येते. ही सोय १९९२ च्या आरएफसी १३२३ पासून आहे. तिची सुधारित आवृत्ती २०१४ च्या आरएफसी ७३२३ मध्ये दिली आहे. तथापि समोरचे यंत्र ती नाकारू शकते, त्यामुळे तिच्या भरवशावर कार्नचा नियम कोडमधून काढून टाकू नये.

टायमर लावणे, उतरवणे आणि वाजणे

नियम तीन आहेत: मजकूर पाठवताना टायमर चालू नसेल तर लावावा, नव्या मजकुराची पोच आली आणि अजून काही बाकी असेल, तर तो नव्याने पूर्ण मर्यादेसाठी लावावा, बाकी काही उरले नाही तर उतरवावा. पहिल्या नियमातले ‘चालू नसेल तर’ हे शब्द गळाले, तर प्रत्येक नव्या सेगमेंटबरोबर टायमर पुढे ढकलला जातो, आणि सतत थोडे थोडे पाठवत राहणाऱ्या जोडणीत तो कधी वाजतच नाही. दुसऱ्या नियमातला ‘नव्या’ हा शब्द गळाला, तर एकाच क्रमांकाच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या पोचांमुळे तोच परिणाम होतो. ‘बाकी’ ठरवताना जोडणी उघडणारा सिन आणि बंद करणारा फिन हे दोन्ही संकेत क्रमांकाच्या मोजणीत एकेक जागा घेतात, हे ध्यानात ठेवावे. नुसती बफरची लांबी पाहणाऱ्या कोडमध्ये फिन हरवला तर तो पुन्हा जात नाही आणि सॉकेट अर्धवट बंद अवस्थेत अडकून राहते. घेणाऱ्याने शून्य विंडो जाहीर केली असेल, म्हणजे त्याच्याकडे जागाच नसेल, तर त्या काळात चाचपणीचे सेगमेंट पाठवणारा वेगळा टायमर चालतो. तो आणि पुनःप्रेषणाचा टायमर एकाच खान्यात ठेवले असतील, तरी त्यांची अपयशे एकत्र मोजू नयेत. जोवर समोरचे यंत्र चाचपणीला उत्तर देत आहे, तोवर जोडणी तोडता येत नाही, असे ऑक्टोबर १९८९ चा आरएफसी ११२२ बजावतो.

टायमर वाजला की पोच न आलेला सर्वांत जुना सेगमेंट, आणि फक्त तोच, पुन्हा पाठवावा, मर्यादा दुप्पट करावी आणि टायमर पुन्हा लावावा. त्याच वेळी कोंडी-नियंत्रणाचे आकडेही बदलतात: पाठवण्याची विंडो एका सेगमेंटवर येते आणि हळू वाढीचा उंबरठा वाटेत असलेल्या मजकुराच्या निम्म्यावर, पण दोन सेगमेंटांपेक्षा कमी नाही, असा ठेवला जातो. येथे विंडोच्या निम्मे धरण्याची चूक इतकी सहज होते, की २००९ च्या आरएफसी ५६८१ मध्ये तिच्याबद्दल खास सूचना आहे. तोच सेगमेंट दुसऱ्यांदा टायमरने पाठवावा लागला, तर उंबरठा पुन्हा निम्मा करू नये. बीएसडी वळणाच्या कोडमध्ये पुढे पाठवायचा क्रमांक टायमर वाजताच मागे, सर्वांत जुन्या बाकी बाइटवर, ओढला जातो. वाटेतला मजकूर या ओढण्याआधी मोजला नाही तर तो शून्य भरतो. शिवाय आजवर पाठवलेला सर्वांत मोठा क्रमांक वेगळा जपून ठेवावा लागतो. तो न जपणाऱ्या कोडला मूळ सेगमेंटांची उशिरा आलेली पोच ‘न पाठवलेल्या मजकुराची’ वाटते, तो ती फेकून देतो, आणि धडधाकट जोडणी सगळा मजकूर दुसऱ्यांदा पाठवत बसते.

सेगमेंट स्वतःच्याच यंत्रात, नेटवर्क कार्डाच्या रांगेत, अडकलेला असू शकतो किंवा मेमरी नसल्यामुळे पुनःप्रेषण फसू शकते. वाटेवरच्या हानीचा हा पुरावा नव्हे. लिनक्स अशा वेळी अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त न थांबता पुन्हा प्रयत्न करण्याची तजवीज करतो, आणि हे धोरण अनुकरणीय आहे.

लॉक आणि घड्याळ

आतापर्यंतचे दोष कागदावर तपासता येतात. टायमर आणि लॉक यांच्या संबंधातून निघणारे दोष तसे तपासता येत नाहीत. टायमरचे फंक्शन इंटरप्टच्या संदर्भात चालते, आणि नेमक्या त्याच क्षणी एखादी प्रोसेस त्याच सॉकेटचे लॉक धरून त्यात लिहीत असू शकते. फंक्शनला थांबता येत नाही, म्हणून घाईने लिहिलेला कोड लॉक मिळाले नाही तर सरळ परत फिरतो. टायमर तर वाजून गेलेला असतो, तो पुन्हा कोणी लावत नाही, आणि ‘कधीतरी, जास्त भार असताना, जोडणी गोठते’ अशा स्वरूपाची तक्रार येते. लिनक्समध्ये अशा वेळी सॉकेटवर ‘टायमर पुढे ढकलला’ अशी खूण केली जाते आणि लॉक सोडणारी प्रोसेस सोडता सोडता ते काम उरकते. एवढी यंत्रणा नको असेल, तर काही मिलिसेकंदांसाठी टायमर पुन्हा लावून परत फिरावे. ते ओबडधोबड असले तरी बरोबर आहे.

लॉक मिळाल्यावरही लगेच पुनःप्रेषण करू नये. टायमर वाजणे आणि लॉक मिळणे या दोहोंच्या मध्ये पोच येऊन मुदत पुढे गेलेली असू शकते, म्हणून मुदतीची वेळ सॉकेटमध्ये साठवून ती खरोखर उलटली आहे का, हे लॉकच्या आत पुन्हा पाहावे आणि नसेल तर उरलेल्या वेळेसाठी टायमर लावून बाहेर पडावे. लावलेल्या टायमरने सॉकेटचा एक संदर्भ धरून ठेवला पाहिजे, अन्यथा सॉकेट मोकळे झाल्यावर टायमर मोकळ्या मेमरीवर चालतो. टायमर रद्द करताना तो खरोखर प्रलंबित होता असे उत्तर आले तरच संदर्भ सोडावा. फंक्शन आधीच चालू झाले असेल, तर ते स्वतःचा संदर्भ स्वतः सोडते.

मुदत तपासताना दोन वेळांची थेट तुलना करणे हा आणखी एक सापळा आहे. मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटांचा गणक ४९.७ दिवसांनी भरून पुन्हा शून्यावर येतो, आणि त्या क्षणी ‘आताची वेळ मुदतीपेक्षा मोठी आहे का’ हा प्रश्न निरर्थक ठरतो. त्याऐवजी दोन वेळांची वजाबाकी करून तिचे चिन्ह पाहावे. असा दोष दीड महिन्याने वर येऊ नये, म्हणून लिनक्सने एक नामी युक्ती केली आहे: गणक शून्यापासून सुरू न करता असा सुरू केला जातो, की त्याचे खालचे ३२ बिट यंत्र चालू झाल्यावर पाच मिनिटांतच भरून पुन्हा शून्यावर येतात, आणि चुकीची तुलना करणारा कोड लिहिणाऱ्याच्या टेबलावरच उघडा पडतो. ही युक्ती कोणत्याही कर्नलने विनासंकोच उचलावी.

हार केव्हा मानावी

आरएफसी ११२२ दोन पायऱ्या सांगतो: काही पुनःप्रेषणे वाया गेली, निदान तीन तरी, की खालच्या आयपी स्तराला वाट तपासण्याचा इशारा द्यावा, आणि निदान १०० सेकंद उलटेपर्यंत, सिनच्या बाबतीत तीन मिनिटे, जोडणी तोडू नये. तोडताना बोलावणाऱ्या प्रोग्रामला मुदत संपल्याची त्रुटी मिळालीच पाहिजे. दुसरी पायरी पुनःप्रेषणांच्या संख्येत ठेवायची की वेळेत, हा निवडीचा प्रश्न आहे. लिनक्समध्ये ती १५ पुनःप्रेषणांची असते, आणि मर्यादा २०० मिलिसेकंदांपासून दुप्पट होत १२० सेकंदांच्या छतापर्यंत जाते असे धरले, तर पहिल्या दहा अंतरांचे २०४.६ सेकंद आणि पुढच्या सहांचे ७२० सेकंद मिळून ९२४.६ सेकंद, म्हणजे सव्वा पंधरा मिनिटांहून थोडे अधिक होतात. ज्या प्रोग्रामला एवढे थांबायचे नाही, त्याच्यासाठी सॉकेटवर स्वतःची मुदत घालण्याची सोय असते, आणि तिच्यात एक सूक्ष्म दोष लपू शकतो. मुदत फक्त टायमर वाजल्यावर तपासली, तर वर धरलेल्या मर्यादेने टायमर २५.४ व्या सेकंदाला आणि त्यानंतर थेट ५१ व्या सेकंदाला वाजतो; म्हणजे ३० सेकंदांची मागितलेली मुदत ५१ सेकंदांची होते. लिनक्समध्ये हा दोष २०१८ मध्ये दुरुस्त झाला. उपाय साधा आहे: पुढचा टायमर लावताना दुप्पट मर्यादा आणि उरलेली मुदत यांपैकी जी लहान असेल तिच्यासाठी लावावा.

किमान मर्यादेचा मोह

दोष दुरुस्त करता करता किमान मर्यादा कमी करून वेग वाढवण्याचा मोह होतो. मानक एक सेकंद सांगते. लिनक्स २०० मिलिसेकंद वापरतो, आणि तेही एकूण मर्यादेला नव्हे तर विचलनाच्या भागाला लावतो, त्यामुळे ५० मिलिसेकंदांच्या वाटेवर मर्यादा २५० च्या खाली जात नाही. फ्रीबीएसडी ३० मिलिसेकंद ठेवतो, पण काढलेल्या मर्यादेत २०० ची भर घालतो. हे सगळे आकडे घेणाऱ्या यंत्राच्या सवयीकडे पाहून ठरले आहेत: ते प्रत्येक सेगमेंटला लगेच पोच देत नाही, दुसरा सेगमेंट येतो का याची वाट पाहते, आणि आरएफसी ११२२ प्रमाणे ही वाट अर्ध्या सेकंदापर्यंत असू शकते. किमान मर्यादा या विलंबाच्या खाली नेली, की एकेकटा सेगमेंट विनाकारण दोनदा जाऊ लागतो. डेटा सेंटरच्या आतली गोष्ट वेगळी. तेथे फेरीचा काळ मायक्रोसेकंदांत असतो, एकाच वेळी अनेक सर्व्हरांनी दिलेली उत्तरे स्विचच्या छोट्या बफरवर आदळतात आणि २०० मिलिसेकंदांची वाट म्हणजे युगासारखी ठरते. कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी २००९ मध्ये अशा जाळ्यांसाठी सूक्ष्म टायमरांची बाजू मांडली ती याच कारणाने. म्हणून किमान मर्यादा संपूर्ण कर्नलसाठी न बदलता वाटेनुसार बदलता येईल अशी ठेवावी. लिनक्सच्या रूटिंग कोष्टकात तशी जागा आहे. टायमर उतावळेपणाने वाजला हे मागाहून ओळखणारी एफ-आरटीओ ही पद्धत आणि टायमर वाजण्याआधीच शेवटचा सेगमेंट चाचपून पाहणारी, २०२१ च्या आरएफसी ८९८५ मधील पद्धत, या दोन्ही उपयुक्त आहेत; परंतु मूळ टायमर बरोबर चालत असल्याची खात्री होण्याआधी त्या घालू नयेत, कारण त्या खालचे दोष झाकतात.

दुरुस्ती तपासणे

नुसती दहा टक्के पॅकेटे हरवून ‘फाइल पोहोचली’ असे पाहणे ही चाचणी नव्हे. सदोष टायमरही फाइल पोहोचवतोच. लिनक्सच्या वाहतूक-नियंत्रणातील ‘नेटेम’ने विलंब आणि हानी घडवता येते, आणि गूगलने २०१३ मध्ये खुले केलेल्या ‘पॅकेटड्रिल’ या साधनात कोणत्या क्षणी कोणता सेगमेंट निघाला पाहिजे, हे स्क्रिप्टमध्ये लिहून कर्नलकडून तंतोतंत तपासून घेता येते. पहिला सिन हरवणे, फक्त फिन हरवणे, सगळा मजकूर पोहोचून फक्त पोचा हरवणे, शून्य विंडो दहा मिनिटे टिकणे, आणि टायमर वाजण्याच्या क्षणी दुसरी प्रोसेस सॉकेटवर लिहीत असणे, या प्रत्येकासाठी स्वतंत्र चाचणी असावी. विलंब ५० वरून १,५०० मिलिसेकंदांवर नेण्याची वर सांगितलेली परिस्थिती टाइमस्टॅम्प बंद ठेवून घडवावी. तेथे लागोपाठच्या तीन सेगमेंटांची पुनःप्रेषणे अनुक्रमे दोन, एक आणि शून्य यावीत. सिनची पोच टायमर वाजल्यानंतर आली असेल, तर आरएफसी ६२९८ प्रमाणे मजकुराची देवघेव एक नव्हे तर तीन सेकंदांच्या मर्यादेने सुरू व्हावी, हेही तपासावे.

मोजणी, टायमर लावण्याचे नियम, लॉक आणि जोडणी तोडण्याची मुदत यांतील बदल एकाच पॅचमध्ये कोंबू नयेत. टायमर वेळेवर वाजू लागला की आजवर झाकलेले कोंडी-नियंत्रणातले दोष वर येतात, आणि कोणत्या बदलाने काय घडले हे मागे जात जात शोधायचे, तर प्रत्येक पॅच एकट्याने बांधता आणि चालवता आला पाहिजे. प्रत्येकाच्या वर्णनात बदलाआधीची आणि नंतरची पुनःप्रेषणांची अंतरे नोंदीतून जशीच्या तशी उतरवून द्यावीत. तपासणाऱ्याला पटवण्यासाठी त्याहून अधिक काही सहसा लागत नाही.